निवृत्तीनंतरची नेमबाजी: बंदूक सगळ्यात शेवटी

निवृत्त झालं की हातात दोन गोष्टी एकदम येतात: मोकळा वेळ आणि फंड-ग्रॅच्युइटीची एकरकमी रक्कम. कॉलेजात एनसीसीत असताना पॉइंट टू-टू रायफलने पाच-दहा गोळ्या झाडल्या असतील, तर ती हौस अशा वेळी पुन्हा डोकं वर काढते. वयाची अडचण नाही. स्वीडनच्या ऑस्कर स्वान यांनी १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचं रौप्यपदक मिळवलं, तेव्हा ते ७२ वर्षांचे होते. उत्तर प्रदेशातल्या जोहरी गावच्या चंद्रो तोमर यांनी तर साठी ओलांडल्यावर पहिल्यांदा पिस्तूल हातात धरलं.

अडचण येते ती पैशांची, आणि तीही क्रम चुकल्यामुळे. पुष्कळ जण आधी महागडी बंदूक घेतात, मग रेंज शोधतात आणि शेवटी चष्म्याच्या डॉक्टरांकडे जातात. आपण हे उलट्या क्रमाने करू. आधी रेंज, मग डोळे आणि शरीर, मग महिन्याचा हिशेब आणि बंदूक सगळ्यात शेवटी. असा क्रम ठेवला तर हा छंद बऱ्याच पेन्शनरांना झेपतो.

पायरी १: कोणती नेमबाजी, ते ठरवा

नेमबाजीचे ढोबळमानाने तीन प्रकार. हवेच्या दाबावर चालणारी एअर रायफल आणि एअर पिस्तूल, दारूची काडतुसं वापरणाऱ्या पॉइंट टू-टू वगैरे बंदुका, आणि उडत्या चकत्यांवर झाडायची शॉटगन.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं, तो दुसरा प्रकार. त्याला शस्त्रपरवाना लागतो आणि प्रत्येक गोळीला पैसे मोजावे लागतात. शॉटगनचा खर्च त्याहून जास्त. त्याच ऑलिंपिकमध्ये मनू भाकरने कांस्य मिळवलं ते १० मीटर एअर पिस्तूलमध्ये. निवृत्तांसाठी सोयीचा प्रकार हाच. यात गोळीऐवजी शिशाचा छोटा छर्रा असतो, आवाज कमी, धक्का जवळजवळ नाहीच, आणि अंतर एका लांबट खोलीएवढं.

२०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटर, म्हणजे ०.१७७ इंच व्यासाच्या आणि २० ज्यूलपेक्षा कमी ताकदीच्या एअरगनला परवाना लागत नाही. ज्यूल हे ऊर्जेचं माप. स्पर्धेच्या १० मीटर बंदुका या मर्यादेच्या बऱ्याच खाली असतात. तरीही विकत घेताना ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा द्यावा लागतो, आणि विक्रेता त्याची नोंद ठेवतो.

आता रायफल की पिस्तूल? स्पर्धेच्या रायफलचं वजन साडेपाच किलोपर्यंत असू शकतं, आणि ती उभ्याने, कंबर थोडी मागे झुकवून धरतात. मणक्याचा त्रास असेल तर ते जमत नाही. शिवाय जाड कॅनव्हासचं जॅकेट, ट्राउझर आणि खास बूट यांचा वेगळा खर्च असतो. पिस्तूल दीड किलोच्या आतलं, पण एका हाताने, हात सरळ ताणून धरायचं. खांदा आखडलेला असेल तर ते जड जातं. पाठ की खांदा, आपलं जास्त काय दुखतं यावर निवड करा. दोन्ही ठीक असतील तर पिस्तूल स्वस्त पडतं, कारण त्याला कपड्यांचं लटांबर नाही. पुढची माहिती त्यामुळे मुख्यतः पिस्तुलाची आहे.

पायरी २: रेंज शोधा आणि नुसतं बघून या

पुण्यात बालेवाडीचं क्रीडासंकुल, मुंबईत वरळीची महाराष्ट्र रायफल असोसिएशन, कोल्हापुरात दुधाळीची रेंज या जुन्या जाणत्या जागा. याशिवाय बऱ्याच जिल्ह्यांत रायफल असोसिएशन आणि खासगी क्लब आहेत. आपल्या जिल्ह्याच्या असोसिएशनकडे चौकशी केली की जवळची रेंज कळते.

पहिल्या भेटीत काही विकत घेऊ नका, सभासदही होऊ नका. तासभर मागच्या बाकावर बसून बघा. चार गोष्टी विचारा: नवशिक्यांना क्लबची बंदूक वापरायला मिळते का, फी महिन्याची आहे की दिवसाची, छर्रे आणि टार्गेट फीमध्ये धरले आहेत का, आणि सकाळी गर्दी कधी नसते.

इथे घोटाळा होतो तो वेळेचा. संध्याकाळी शाळा-कॉलेजची मुलं येतात आणि लेन मिळत नाही. लेन म्हणजे एका नेमबाजाने उभं राहायची पट्टी. सकाळी दहा ते दुपारी एक या वेळात बऱ्याच रेंज मोकळ्या असतात आणि प्रशिक्षकांनाही आपल्याकडे बघायला सवड असते. काही ठिकाणी या वेळेची फीही कमी असते, पण ती विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

पायरी ३: डॉक्टर आणि चष्मा

या छंदात साठीनंतर सगळ्यात जास्त अडतं ते डोळ्यांपाशी, आणि त्यावर उपायही आहे.

पिस्तुलाच्या नळीच्या टोकाला एक उभा तुकडा असतो, ती माशी किंवा फ्रंट साइट. डोळ्याच्या बाजूला खाच असते, ती रिअर साइट. नेम धरताना माशी धारदार दिसायला हवी, टार्गेट धूसर दिसलं तरी चालतं. चाळिशीनंतर मात्र होतं उलटं: टार्गेट स्पष्ट आणि माशी धूसर.

प्रोग्रेसिव्ह किंवा दोन भिंगांचा रोजचा चष्मा इथे कामाचा नाही. माशी नीट दिसावी म्हणून माणूस नकळत मान वर करतो आणि अर्ध्या तासात मान दुखू लागते. त्याऐवजी नेमाच्या डोळ्यासाठी एकाच नंबरचं भिंग करून घ्या. हात ताणून धरल्यावर डोळ्यापासून माशीपर्यंत किती अंतर होतं ते टेपने मोजा आणि तो आकडा डॉक्टरांना सांगा. साधारणपणे दूरच्या नंबरात अर्धा ते पाऊण प्लस मिळवला जातो, नेमका आकडा ते तपासून ठरवतील. साध्या फ्रेममध्ये हे काम स्वस्तात होतं. नेमबाजीची खास परदेशी फ्रेम पहिल्या वर्षी नको.

दुसरा डोळा मिटू नका. तो मिटला की नेमाचा डोळाही लवकर थकतो. त्याच्यासमोर चष्म्यावर दुधी प्लास्टिकची लहान पट्टी लावतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर भिंगाचा खर्च त्यानंतरच करा, कारण नंबर बदलतो.

आता औषधं. रक्तदाब किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल अशी बीटा ब्लॉकर गटातली गोळी आपण घेत असाल, तर एक गोष्ट माहीत हवी. ही औषधं हृदयाची गती कमी करतात आणि हाताची थरथरही कमी करतात, म्हणून स्पर्धात्मक नेमबाजीत त्यांच्यावर बंदी आहे. हौसेच्या सरावाला त्याची आडकाठी नाही. पण स्पर्धेत उतरण्यासाठी गोळी परस्पर बंद करणं जिवावर बेतू शकतं. गोळी चालू ठेवा, डॉक्टरांशी बोला, आयोजकांना आधी विचारा. पदकाशिवाय चालेल, गोळीशिवाय नाही.

पायरी ४: सुरक्षेचे नियम, बंदूक हाती घेण्याआधी

चार नियम पाठ हवेत. बंदूक नेहमी भरलेलीच आहे असं समजायचं. नळीचं तोंड कायम टार्गेटकडे. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. आणि बंदूक खाली ठेवताना नळीतून रंगीत दोरी, म्हणजे सेफ्टी फ्लॅग, आरपार घालायची, म्हणजे आत छर्रा नाही हे कुणालाही लांबून दिसतं.

रेंजवर ‘लोड’, ‘स्टार्ट’, ‘स्टॉप’, ‘अनलोड’ असे हुकूम दिले जातात. ‘स्टॉप’ ऐकू आलं की निम्मा नेम झाला असला तरी थांबायचं. कमी ऐकू येत असेल तर ते पहिल्याच दिवशी सांगा आणि हुकूम देणाऱ्याच्या जवळची लेन मागून घ्या. यात संकोच नको.

छर्रे शिशाचे असतात, आणि शिसं पोटात जाणं वाईट. छर्रा तोंडात धरू नका, रेंजवर हात न धुता डबा उघडू नका, आणि घरी आल्यावर नातवंडांना उचलण्याआधी साबणाने हात धुवा. छर्ऱ्यांचा डबा त्यांच्या हाती लागेल असा ठेवू नका.

पायरी ५: पहिला महिना, क्लबची बंदूक आणि कोरा सराव

पहिल्या दिवशी साठ शॉट मारायची घाई करू नका. वीस पुरेत. दोन शॉटमध्ये हात खाली, बंदूक टेबलावर, दोन-तीन शांत श्वास.

या महिन्यातला निम्मा सराव कोरा ठेवा. कोरा सराव, म्हणजे ड्राय फायर: छर्रा न घालता कोऱ्या भिंतीसमोर नेम धरायचा आणि ट्रिगर ओढायचा. समोर काळा ठिपका नसल्यामुळे लक्ष माशीवर राहतं आणि ट्रिगर ओढताना हात कुठे हलतो ते स्वतःलाच दिसतं. खर्च शून्य.

मात्र एक खबरदारी घ्या. स्पर्धेच्या पिस्तुलांत कोऱ्या सरावासाठी वेगळी सोय असते. जत्रेत असते तशी स्प्रिंगची एअरगन छर्ऱ्याशिवाय झाडली, तर आतला पिस्टन आपटून बिघडतो. वापरण्याआधी बंदूक कोणत्या जातीची आहे ते विचारा.

पायरी ६: एक शॉट, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

एअर पिस्तूलच्या टार्गेटवरचा काळा गोल सुमारे सहा सेंटिमीटरचा, आणि त्यातलं दहा गुणांचं वर्तुळ फक्त साडेअकरा मिलिमीटरचं. हे ऐकून बहुतेक जण म्हणतात, आमचा हात थरथरतो, आम्हाला कसं जमणार? थोडं गणित केलं की धीर येतो.

पिस्तुलावर खाच आणि माशी यांच्यात साधारण ३२ सेंटिमीटर अंतर असतं, आणि टार्गेट १० मीटरवर. माशी खाचेच्या मध्यापासून एक मिलिमीटर सरकली, तर टार्गेटवर छर्रा तीन सेंटिमीटर सरकतो. दहा जातात, सात मिळतात. पण माशी खाचेत अगदी मधोमध असेल आणि सगळा हातच थरथरून एक सेंटिमीटर इकडे-तिकडे झाला, तर छर्रा तेवढाच, एक सेंटिमीटर, हलतो. नऊ मिळतात. म्हणजे थरथर गुण फारसे खात नाही, माशीवरची नजर सुटणं खातं. भिंगावर पैसे आधी आणि बंदुकीवर नंतर घालायचे ते यासाठीच.

शॉटचा क्रम असा. पाय खांद्याएवढे फाकवा. मोकळा हात खिशात किंवा पट्ट्यात अडकवा. श्वास घेत हात टार्गेटच्या वर न्या, श्वास सोडत काळ्या गोलाखालच्या पांढऱ्या भागात आणा. तिथे श्वास अर्ध्यावर थांबवा आणि माशीकडे बघत ट्रिगर हळूहळू, सरळ मागे ओढा. शॉट सुटल्यावरही हात दोन सेकंद तसाच ठेवा.

आठ-दहा सेकंदांत शॉट सुटला नाही तर हात खाली घ्या आणि पुन्हा सुरुवात करा. जास्त वेळ श्वास रोखला की नजर आधी धूसर होते, आणि रक्तदाब असणाऱ्यांना ते बरंही नाही. नवशिका नेमका इथेच चुकतो: आता एवढा धरलाच आहे तर सोडूनच टाकू, म्हणून ट्रिगर खेचतो. हात खाली घेणं हीसुद्धा शिकायची गोष्ट आहे.

पायरी ७: महिन्याचा हिशेब

आता पैसे. इमर्जन्सीची रक्कम आणि आरोग्यविमा बाजूला काढल्यावरच या हिशेबाला बसा, आणि नवरा-बायको दोघं बसा.

सोपा मार्ग असा की छंदासाठी मुद्दल मोडायचं नाही, एका ठरावीक रकमेचं फक्त व्याज वापरायचं. ज्येष्ठ नागरिक बचत योजना यासाठी सोयीची. पोस्टात किंवा बँकेत वयाच्या साठीनंतर खातं उघडता येतं, मुदत ५ वर्षं, एका व्यक्तीची मर्यादा २०२३ पासून ३० लाख रुपये, आणि व्याज दर तिमाहीला खात्यात जमा होतं. पैसे भरताना जो दर असेल तोच पाच वर्षं राहतो.

समजा, यातले ५ लाख आपण छंदाचे मानले आणि दर ८.२ टक्के मिळाला. वर्षाचं व्याज ४१,००० रुपये, तिमाहीला १०,२५०, म्हणजे महिन्याला जेमतेम ३,४०० रुपये. व्याज करपात्र असतं, तेव्हा आपल्यावर कर बसत असेल तर तेवढं वजा करा.

आता खर्चाची बाजू. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी ४० शॉट, म्हणजे महिन्याला सुमारे ४८० छर्रे. सरावाच्या छर्ऱ्यांचा डबा बहुधा ५०० चा असतो, तो महिनाभर पुरतो. उदाहरणापुरते आकडे धरू: रेंजची फी १,८००, छर्रे ९००, कागदी टार्गेट ३००, येणं-जाणं ४००. बेरीज ३,४०० रुपये. आपल्या गावचे खरे आकडे या चार ओळींत भरा. बेरीज व्याजाच्या वर गेली तर एक दिवस कमी करा किंवा कोरा सराव वाढवा, मुद्दलाला हात लावू नका. मुदतीआधी पैसे काढले तर दंड बसतो, पहिल्या वर्षात तर व्याजच मिळत नाही.

छर्ऱ्यांवर उगाच जास्त खर्च होतो. स्पर्धेचे महागडे छर्रे आणि सरावाचे छर्रे यांतला फरक नवशिक्याच्या टार्गेटवर दिसत नाही.

पायरी ८: आता बंदूक

सहा महिने क्लबच्या बंदुकीवर काढलेत आणि अजूनही सकाळी पाय रेंजकडे वळतात, तर खरेदीचा विचार करा. देशी बनावटीच्या एअरगन काही हजारांपासून मिळतात. स्टायर, मोरिनी, वॉल्थर अशा परदेशी कंपन्यांचं स्पर्धेचं नवं पिस्तूल दीड-दोन लाखांच्या घरात किंवा पुढे जातं.

मधला मार्ग म्हणजे वापरलेलं पिस्तूल. स्पर्धा सोडलेल्या मुलांची चांगली पिस्तुलं क्लबच्या ओळखीत विकायला निघतात. धक्का नसल्यामुळे ती वर्षानुवर्षं टिकतात. पण विकत घेताना तीन गोष्टी तपासा.

पहिली, हवेचा सिलिंडर. नळीखालच्या या लहान टाकीत २०० बारपर्यंत दाब असतो, गाडीच्या टायरच्या जवळपास शंभरपट. सिलिंडरवर बनवल्याची तारीख कोरलेली असते आणि बऱ्याच कंपन्या दहा वर्षांची मुदत देतात. मुदत संपली असेल तर नव्या सिलिंडरची किंमत सौद्यातून वजा करा, आणि जुना वापरू नका.

दुसरी, लाकडी मूठ. ती डाव्या-उजव्या हाताची आणि लहान-मोठ्या मापाची असते. बोटं सांध्यांत दुखत असतील तर घट्ट मूठ दहा मिनिटांत नकोशी होते. हातात धरून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

तिसरी, हवा भरायची सोय. हातपंपाने २०० बार भरणं हे तरुणांचं काम. रेंजवर मोठ्या टाकीतून भरून मिळत असेल तर पंप घेऊच नका. पावती आपल्या नावाची घ्या आणि जपून ठेवा.

पायरी ९: घरी आणल्यावर

बंदूक कुलपात, छर्रे वेगळ्या कुलपात. नेता-आणताना पेटीत बंद आणि रिकामी, बाहेर काढायची ती रेंजवरच. भरलेला सिलिंडर उन्हातल्या गाडीत ठेवू नका.

गच्चीवर किंवा अंगणात छर्रे झाडू नका. भिंतीवरून उसळलेला छर्रा शेजाऱ्याच्या डोळ्यात जाऊ शकतो. कबुतरं फार झाली म्हणून त्यांच्यावर नेम धरायचा मोहही टाळा. पक्ष्यांना मारलं की कायद्याची भानगड मागे लागते, आणि खिलाडूपणाही राहत नाही. घरी फक्त कोरा सराव करा, तोही दार लावून.

पायरी १०: स्पर्धा, हवी असेल तर

देशात हा खेळ चालवणारी नॅशनल रायफल असोसिएशन १९५१ साली स्थापन झाली. त्यात पुढाकार होता लोकसभेचे पहिले अध्यक्ष, आपले गणेश वासुदेव मावळंकर यांचा. त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा आजही भरते. जिल्हा आणि राज्य पातळीवर ज्येष्ठांसाठी वेगळे गट असतात, तेव्हा विशीतल्या मुलांशी गुणांची बरोबरी करायची वेळ येत नाही.

पूर्ण सामना ६० शॉटचा, इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर सव्वा तासाचा. एवढा वेळ उभं राहण्याची तयारी सावकाश करा: वीस, मग तीस, मग चाळीस. प्रवास, मुक्काम आणि प्रवेशशुल्काचा खर्च महिन्याच्या हिशेबात बसत नाही, म्हणून वर्षाला एक-दोनच स्पर्धा निवडा आणि त्यांचे पैसे दर तिमाहीच्या व्याजातून आधीच बाजूला टाका.

वर्षभरात एक दिवस असा येतो की गुण वाढायचे थांबतात आणि शेजारच्या लेनमधलं नवं पिस्तूल खुणावू लागतं. तेव्हा आपलंच पिस्तूल प्रशिक्षकांच्या हातात द्या आणि दहा शॉट मारायला सांगा. त्यांचे छर्रे नऊ-दहामध्ये एकत्र बसले, तर पिस्तूल ठीक आहे आणि ते दीड लाख खात्यातच राहू द्या.